दोन हजार बाळांमागे एक

आमच्या मुलाच्या कवटीचा एक सांधा वेळेआधीच जुळून गेला आहे, हे सी.टी. स्कॅनमध्ये निश्चित झाल्यावर नात्यातल्या जवळजवळ प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला: असे किती मुलांना होते? सासूबाईंनी तो काळजीने विचारला, माझ्या भावाने माहिती करून घेण्यासाठी विचारला, आणि एका दूरच्या काकूंनी अशा सुरात विचारला की हा प्रकार फारच दुर्मीळ निघाला तर त्याचे कारण आमच्याच घरात शोधावे लागेल. मी स्वतःही प्रत्येक टप्प्यावर डॉक्टरांना हेच विचारत गेले. उत्तरे वेगवेगळी मिळाली आणि ती सगळीच बरोबर होती, कारण दर वेळी हिशेबात धरलेली मुले वेगळी होती. जन्मलेल्या सगळ्या बाळांमध्ये याचे प्रमाण एक असते, डोक्याचा आकार वेगळा दिसतो म्हणून दवाखान्यात आणलेल्या बाळांमध्ये दुसरे, आणि सांधा जुळल्याचे निश्चित झालेल्या बाळांमध्ये आमच्या मुलाच्या प्रकाराचे तिसरे. आम्ही या तिन्ही पायऱ्या चढलो, आणि ती हकीकत पुण्यातल्या इतर आईवडिलांच्या उपयोगी पडावी म्हणून लिहीत आहे.

बाळंतपण माझ्या माहेरी, पर्वतीच्या पायथ्याजवळच्या घरी झाले. बाळाचे डोके जन्मतःच लांबट होते. प्रसूतीच्या वेळी बाळाच्या कवटीची हाडे दबून एकमेकांवर सरकतात आणि काही दिवसांत ती आपली जागा घेतात, असे आम्हाला प्रसूतिगृहात सांगण्यात आले, आणि बहुसंख्य बाळांच्या बाबतीत ते खरेही असते. आमच्या बाळाचे डोके मात्र महिना उलटला तरी तसेच राहिले. त्याला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींनी सहकारनगर, दत्तवाडी, पर्वती या भागात एवढी बाळे हाताळली आहेत की त्यांच्या बोटांना सवयीने फरक कळतो. टाळू भरताना एके दिवशी त्या थांबल्या आणि माझ्या आईला म्हणाल्या, “वहिनी, याच्या टाळूपासून पार मागंपर्यंत कड लागतीय. बाकीच्या पोरांची अशी लागत नाही. एकदा डॉक्टरांना दाखवा.” पुढे ज्या ज्या तज्ज्ञांकडे आम्ही गेलो, त्यांनी तपासणीची सुरुवात नेमकी त्याच ठिकाणी बोट फिरवून केली.

घरात अर्थातच अनेक मते होती. कुणी म्हणाले, डोके आजोबांवर गेले आहे. कुणी राईची उशी घ्यायला सांगितले. तिच्यावर निजवले की डोके गोल बसते असा आपल्याकडे समज आहे. ती उशी आम्ही घेतली नाही, कारण तान्ह्या बाळाच्या बिछान्यात कोणतीही मऊ उशी ठेवू नये, श्वास कोंडण्याचा धोका असतो, असा बालरोगतज्ज्ञांचा स्पष्ट सल्ला आहे. सगळ्यांत जास्त दिलासा मात्र टाळूने दिला. “टाळू अजून उघडी आहे, खालीवर होताना दिसते, मग कवटी बंद कशी झाली असेल?” असे माझी आई म्हणायची, आणि ते आम्हा सगळ्यांना पटत होते. पुढे कळले की कवटीत पाच मुख्य हाडे आणि त्यांच्यामधले अनेक सांधे असतात, पुढची टाळू म्हणजे त्यांतल्या काही सांध्यांच्या भेटीची जागा असते, आणि एखादा सांधा पूर्ण जुळलेला असूनही टाळू उघडी राहू शकते. मागची लहान टाळू दोन-तीन महिन्यांत भरते, पुढची बहुधा १२ ते १८ महिन्यांच्या सुमारास. त्यामुळे उघड्या टाळूवरून सांध्यांविषयी खात्री बाळगता येत नाही. ही एक गोष्ट सगळ्या आज्यांपर्यंत पोहोचावी असे मला फार वाटते, कारण महाराष्ट्रातल्या घराघरांत बाळाच्या डोक्याची सर्वांत बारकाईने पाहणी त्याच करत असतात.

दीड महिन्याच्या लसीच्या वेळी आम्ही ज्या दवाखान्यात गेलो, तेथे फीत लावून डोक्याचा घेर मोजला, तो तक्त्यावर मांडला, रेषा व्यवस्थित मधोमध गेली आणि सगळे ठीक असल्याचे सांगण्यात आले. कडेविषयी विचारले तेव्हा ‘वाढेल तसे भरून येईल’ असे उत्तर मिळाले. मोजमाप चुकीचे नव्हते. पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या डोक्याचा घेर महिन्याला सुमारे दोन सेंटिमीटरने, पुढच्या तीन महिन्यांत सुमारे एक सेंटिमीटरने आणि नंतरच्या सहा महिन्यांत अर्ध्या सेंटिमीटरने वाढतो. आमच्या बाळाचा घेर अगदी त्याप्रमाणे वाढत होता. अडचण अशी की आमच्या मुलाच्या प्रकारात घेर बहुधा नेहमीइतकाच, कधीकधी थोडा अधिकच भरतो. मेंदू जन्माच्या वेळी मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव भागाएवढा असतो आणि दोन वर्षांत सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोहोचतो. या वेगाने वाढणाऱ्या मेंदूला जागा देण्यासाठी हाडांमधले सांधे उघडे असावे लागतात. रुडॉल्फ फिर्खो या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाने १८५१ मध्ये मांडलेला नियम आजही वापरला जातो: जो सांधा जुळला त्याच्याशी काटकोनात होणारी वाढ थांबते आणि तिची भरपाई दुसऱ्या दिशेने होते. टाळूपासून मागे जाणारा मधला सांधा, ज्याला सॅजिटल म्हणतात, तो जुळला की डोक्याची रुंदी वाढेनाशी होते आणि लांबी वाढत राहते. फीत मात्र फक्त घेर सांगते, आकार सांगत नाही.

त्या काळात मी रात्री बाळाला पाजताना मोबाइलवर वाचू लागले आणि ‘क्रेनिओसिनोस्टोसिस’, म्हणजे कवटीचे सांधे वेळेआधी जुळणे, हा शब्द पहिल्यांदा भेटला. सर्वत्र दिलेले प्रमाण २,००० ते २,५०० जिवंत जन्मांमागे एक असे होते. वेगवेगळ्या नोंदींमध्ये त्यात थोडा फरक दिसतो. अमेरिकेतल्या अटलांटा परिसरात १९८९ ते २००३ या काळात दहा हजार जन्मांमागे ४.३ मुले नोंदली गेली, तर नेदरलँड्समध्ये २००८ ते २०१३ या काळात ६.४. नेदरलँड्समध्ये त्या काही वर्षांतच संख्या वाढत गेली. मुले लवकर ओळखली जाऊ लागली हे त्याचे निदान एक कारण असावे असे मला वाटते. आपल्या देशात वर्षाला साधारण दोन कोटी तीस लाख बाळे जन्मतात. हेच प्रमाण येथे लावले तर वर्षाकाठी नऊ ते अकरा हजार बाळे होतात. हा केवळ गुणाकार आहे, मोजणी नव्हे. पण तो केल्यावर मला स्वतःला धीर आला. पन्नास हजार जन्मांमागे वीस-पंचवीस बाळे, म्हणजे पुण्याएवढ्या शहरात हा प्रकार ओळखणारे आणि त्यावर उपचार करणारे डॉक्टर असणारच, असा विचार माझ्या मनात त्या रात्री आला.

चौथ्या महिन्याच्या अखेरीस आम्ही कर्वे रस्त्यावरच्या दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. मी त्यांना तोच प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी आधी एक वेगळाच आकडा सांगितला. कॅनडातल्या कॅलगरी शहरात सात ते बारा आठवड्यांच्या बाळांची पाहणी करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४६.६ टक्के बाळांच्या डोक्याला कमी-अधिक चपटेपणा आढळला होता. म्हणजे जवळजवळ निम्मी बाळे! हा चपटेपणा एकाच बाजूवर निजल्यामुळे येतो, त्यात सांधे उघडेच असतात, आणि बाळ मान धरू लागले, बसू लागले की तो बहुतेकांच्या बाबतीत कमी होत जातो. याचे प्रमाण वाढण्यामागे चांगले कारण आहे. झोपेत अचानक होणारे बालमृत्यू टाळण्यासाठी बाळाला उताणे निजवावे, अशी शिफारस अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये केली, १९९४ मध्ये तिचा देशव्यापी प्रचार सुरू झाला आणि पुढच्या काळात ते मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. उताणे निजणाऱ्या बाळांची डोकी मागून चपटी होऊ लागली, एवढीच त्याची किंमत. डॉक्टर म्हणाले, “चपट्या डोक्याची बाळे माझ्याकडे रोज येतात आणि त्यांच्या आईवडिलांना मी जागेपणी पालथे घालायला सांगून परत पाठवतो. जुळलेल्या सांध्याचे बाळ वर्षातून एखादे दिसते. म्हणून हे बाळ त्या रोजच्यांपैकी नाही, हे ओळखणे हेच आमचे खरे काम.”

मग त्यांनी आम्हाला फरक दाखवला, आणि तो इतका स्पष्टपणे दाखवला की आजही कुणी विचारले तर मी सांगू शकते. एका कुशीवर निजून चपटे झालेले डोके वरून पाहिले तर तिरके सरकल्यासारखे दिसते. ज्या बाजूला चपटेपणा आहे त्या बाजूचा कान आणि कपाळ पुढे आलेले असते, आणि पुष्कळदा मान एका बाजूला आखडलेली असते. मागच्या बाजूचा लॅम्डॉइड नावाचा सांधा जुळला असेल तर त्या बाजूचा कान बहुधा मागे आणि खाली ओढल्यासारखा असतो, कानामागे फुगवटा येतो. आमच्या बाळाचे डोके दोन्ही बाजूंनी सारखे होते, पण अरुंद आणि लांब. कपाळ पुढे आलेले, मागची बाजू निमुळती, आणि मधोमध ती कड. पालथे घालून किंवा कूस बदलून असा आकार बदलत नाही. त्यांनी आम्हाला त्याच आठवड्यात मेंदूच्या शल्यविशारदांकडे जायला चिठ्ठी दिली आणि थांबू नका, असे दोनदा सांगितले.

तेथून पुढचा प्रवास वेगाने झाला. न्यूरोसर्जननी कंपाससारख्या साधनाने डोक्याची रुंदी आणि लांबी मोजली. रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणले की जो आकडा येतो तो बाळांमध्ये साधारण ७५ ते ८५ च्या दरम्यान असतो. आमच्या मुलाचा ६७ आला. अनुभवी डॉक्टरांना निदान बहुतेक वेळा नजरेने आणि बोटांनीच होते, पण शस्त्रक्रियेचा विचार असेल तर कमी किरणोत्साराचे सी.टी. स्कॅन करतात. तान्ह्या बाळाला स्कॅनच्या खोलीत न्यायचे या कल्पनेनेच माझ्या पोटात गोळा आला होता. तेथल्या परिचारिकांनी मात्र भूल न देता काम केले: बाळाला आधी भुकेले राहू दिले, मग मी पोटभर पाजले, दुपट्यात घट्ट गुंडाळले आणि ते झोपेत असतानाच काही क्षणांत स्कॅन झाले. संगणकावर कवटीचे जे चित्र फिरवून दाखवले, त्यात कपाळाच्या वरून कानांकडे उतरणारी रेघ दिसत होती, मागची उलट्या ‘व्ही’सारखी रेघ दिसत होती, आणि मधली रेघ जेथे असायला हवी होती तेथे सलग हाड होते.

‘किती मुलांमध्ये’ याचे तिसरे उत्तर मला येथे मिळाले. सांधा जुळलेल्या मुलांपैकी साधारण निम्म्यांमध्ये हा मधला सॅजिटल सांधाच जुळलेला असतो, आणि त्यांत मुलींपेक्षा मुलगे तीन ते चार पट असतात. त्याखालोखाल कपाळाच्या मधला मेटोपिक आणि कपाळामागचा कोरोनल सांधा येतो. मेटोपिकमध्ये कपाळ वरून पाहिल्यावर त्रिकोणी दिसते. युरोपात या प्रकाराची नोंद गेल्या काही दशकांत लक्षणीय वाढली आहे. या सांध्याबद्दल एक गोष्ट वेगळी आहे: तो पहिल्या वर्षातच, साधारण तिसऱ्या ते नवव्या महिन्यात, आपला आपण जुळतो, त्यामुळे कपाळावर बारीक कड लागणाऱ्या प्रत्येक बाळाला आजार असतोच असे नाही. कोरोनल मुलींमध्ये अधिक आढळतो. लॅम्डॉइड सर्वांत विरळा, शंभरात दोन ते चार. आमच्या मुलाला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार झाला होता आणि तो मुलगा होता; म्हणजे ‘दोन हजारांत एक’ या दुर्मीळ गटात तो अगदी नेहमीच्या रुग्णांपैकी होता. सर्जननी हे शांतपणे सांगितले तेव्हा यजमानांनी सुटकेचा मोठा श्वास सोडला.

कारणांविषयी मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आईला ते सर्वांत जास्त ऐकावे लागते. गरोदरपणी ग्रहणात काही चिरले होते का, पोटावर झोपत होतीस का, उचलताना बाळाचे डोके दाबले गेले का, असे प्रश्न मला आपुलकीनेच विचारले गेले, पण रात्री ते पुन्हा पुन्हा आठवत. जनुकतज्ज्ञ बाईंनी माझ्यासमोर सासूबाईंना बसवून सगळे समजावून सांगितले, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. एकटा सांधा जुळलेल्या बहुतेक मुलांमध्ये एक असे ठराविक कारण सापडत नाही. जनुकांचा वाटा असतो, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सॅजिटल प्रकाराशी दोन जनुकांजवळचे बदल निगडित असल्याचे दिसले. साधारण पाचातल्या एका मुलामध्ये सांधे जुळणे हा एखाद्या जनुकीय आजाराचा भाग असतो. एपर्ट, क्रूझॉन, फायफर ही त्यांतली प्रसिद्ध नावे आहेत, आणि त्यांत एफ.जी.एफ.आर.-२ या जनुकातला बदल मुख्यतः आढळतो. अशा मुलांमध्ये बहुधा एकाहून अधिक सांधे जुळतात, चेहऱ्याच्या मधल्या भागाची वाढ खुंटते, एपर्टमध्ये हातापायांची बोटेही जुळलेली असतात. म्हणून बाईंनी आमच्या मुलाची बोटे, डोळ्यांमधले अंतर, टाळा, कान सगळे तपासले, आम्हा दोघांचे चेहरे आणि हातही पाहिले. त्यांना तसे काही आढळले नाही. ग्रहणाचा, झोपण्याचा किंवा तेल लावण्याचा याच्याशी काहीही संबंध नाही, हे त्यांनी इतक्या ठामपणे सांगितले की घरी आल्यावर सासूबाईंनीच त्या दूरच्या काकूंना फोन करून ते ऐकवले.

यानंतरचा प्रश्न होता की शस्त्रक्रिया करायलाच हवी का. केवळ दिसण्यासाठी एवढ्या लहान बाळाची कवटी उघडायची का, असे माझ्या वडिलांनी सरळ विचारले, आणि तो प्रश्न योग्य होता. एकच सांधा जुळलेल्या मुलांपैकी सुमारे १० ते १५ टक्क्यांमध्ये कवटीच्या आतला दाब वाढलेला आढळतो. अनेक सांधे जुळलेल्यांमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या जवळ जाते. दाब दीर्घकाळ राहिला तर दृष्टीच्या नसेला आणि मेंदूच्या विकासाला इजा होऊ शकते. नेत्रतज्ज्ञांनी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब टाकून डोळ्यांच्या आत तपासले. नसेवर सूज नव्हती. परंतु इतक्या लहान वयात सूज नसली म्हणजे दाब नाहीच, असे खात्रीने म्हणता येत नाही, हेही त्यांनी सांगितले. आज दाब वाढला नसला तरी पुढच्या दीड वर्षात मेंदू सर्वाधिक वाढणार होता आणि आकार आपोआप सुधारण्याची शक्यता नव्हती. वडिलांनी दोन दिवस विचार केला आणि मग स्वतःच म्हणाले, “करून घ्या.”

पर्याय दोन होते. अमेरिकेतले डेव्हिड हिमेनेझ आणि कॉन्स्टन्स बॅरोन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या दुर्बिणीच्या पद्धतीत लहान छेदांतून जुळलेल्या सांध्याची पट्टी काढतात, रक्त कमी जाते, बाळ लवकर घरी येते. पण ती पहिल्या तीन-चार महिन्यांत केली तर सर्वांत उपयोगी पडते, आणि नंतर कित्येक महिने दिवसाचे २३ तास डोक्याला मापाचे हेल्मेट घालावे लागते. दुसरी पद्धत म्हणजे मोठा छेद घेऊन कवटीची हाडे सुटी करून त्यांची पुनर्रचना करणे. ती साधारण सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान करतात. निदान झाले तेव्हा बाळाचा चौथा महिना संपून गेला होता, हेल्मेटचे महिने नेमके पुण्याच्या उन्हाळ्यात येणार होते, आणि डोके वाढेल तसे ते वारंवार दुरुस्त करून घ्यावे लागले असते. आम्ही मोठी शस्त्रक्रिया निवडली. बाळाला दीड महिन्याच्या लसीच्या वेळीच पुढे पाठवले गेले असते तर दोन्ही दारे सारखीच उघडी राहिली असती, ही खंत माझ्या मनात आहे. म्हणूनच दीड महिन्याच्या लसीला येणाऱ्या प्रत्येक बाळाच्या डोक्यावरून डॉक्टरांनी एकदा बोटे फिरवावीत, वरून एकदा पाहावे, असे मला कळकळीने वाटते. त्याला मिनिटही लागत नाही.

खर्चाच्या बाबतीत विमा कंपनीने एक हरकत घेतली. विम्याच्या नियमांत शरीराच्या दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या भागातले जन्मजात व्यंग ‘बाह्य’ आणि न दिसणारे ‘अंतर्गत’ धरतात, आणि बाह्य व्यंगाचा खर्च अनेकदा मिळत नाही. डोक्याचा आकार दिसतो म्हणून हे बाह्य, असा त्यांचा सुरुवातीचा पवित्रा होता. जुळलेला सांधा आतला आहे, तो स्कॅनमध्येच दिसतो आणि उपचार दाबाच्या धोक्यासाठी आहे, असे न्यूरोसर्जननी सविस्तर पत्र दिले. त्यानंतर मंजुरी मिळाली. बाह्यरुग्ण विभागात आम्हाला दौंडकडचे एक कुटुंब भेटले होते, त्यांच्याकडे विमा नव्हता. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात, ही माहिती त्यांना तेथल्या समाजसेविकेने दिली. उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका जवळ ठेवावी, हे त्या कुटुंबाकडून मलाही कळले.

शस्त्रक्रिया नवव्या महिन्यात ठरली. जूनचा शेवट जवळ येत होता. पालख्या पुण्यातून पुढे गेल्यानंतरची तारीख आम्ही मागून घेतली, कारण त्यांच्या मुक्कामाच्या दिवसांत रस्ते बंद असतात आणि ऐन वेळी रक्तदात्यांना पोहोचणे अवघड झाले असते. रक्त हाच या शस्त्रक्रियेतला सर्वांत नाजूक भाग आहे. बाळाच्या शरीरात वजनाच्या किलोमागे साधारण ८० मिलिलिटर रक्त असते. आमचा मुलगा आठ किलोंचा होता, म्हणजे त्याचे सगळे मिळून ६४० मिलिलिटर. एका माणसाच्या रक्तदानात ३५० मिलिलिटर घेतात, यावरून अंदाज करावा. त्यामुळे मोठ्या माणसाला ज्याची दखलही घ्यावी लागणार नाही, एवढा रक्तस्राव बाळाला भारी पडतो. भूलतज्ज्ञांनी आदल्या दिवशी आमच्याशी बराच वेळ बोलून हे सगळे सांगितले: रक्तस्राव कमी करणारे औषध सुरुवातीपासून देणार, रक्त आधीच जुळवून ठेवणार, दोन शिरांमध्ये नळ्या असणार, बाळाचे तापमान टिकवण्यासाठी गरम हवेची गादी असणार. न्यूरोसर्जन आणि कवटी-चेहऱ्याचे प्लास्टिक सर्जन दोघे मिळून शस्त्रक्रिया करणार होते. छेद एका कानामागून दुसऱ्या कानामागे, सरळ न घेता नागमोडी घेतात, म्हणजे केस ओले झाले तरी व्रणाची रेघ उठून दिसत नाही. हाडांचे तुकडे जोडायला वर्ष-दोन वर्षांत विरघळून जाणाऱ्या पट्ट्या वापरणार होते, कारण वाढत्या कवटीत धातू ठेवणे टाळतात.

सकाळी आत नेलेले बाळ दुपारनंतर अतिदक्षता विभागात आले. त्याला रक्त द्यावे लागले, तेवढे आधीच गृहीत धरलेले होते. ज्यांना पुढे या वाटेने जायचे आहे त्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते: दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळाचा चेहरा ओळखू येणार नाही इतका सुजतो आणि दोन्ही डोळे मिटून जातात. आम्हाला हे आधी सांगितले होते, छायाचित्रेही दाखवली होती, तरी पाहताना हातपाय गळाले. त्या काळात बाळाला काही दिसत नसते, म्हणून मी आणि माझी आई आलटून पालटून त्याच्याशी बोलत राहिलो, अंगाई म्हणत राहिलो. आमचा आवाज ऐकू आला की त्याचे रडणे कमी होई. तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरू लागली आणि आधी एक, मग दुसरा डोळा उघडला. त्याच आठवड्यात आम्ही घरी आलो. घरी आल्यावर ताप, जखमेतून पाणी, सततच्या उलट्या किंवा असामान्य गुंगी यांवर लक्ष ठेवायला सांगितले होते. यांपैकी काही झाले नाही. महिन्याभरात तो भिंतीला धरून उभा राहू लागला.

आता तो अडीच वर्षांचा आहे. डोक्याची रुंदी-लांबी दर भेटीला मोजली जाते, शेवटचा आकडा ७७ होता. वर्षातून एकदा डोळ्यांच्या नसेची तपासणी होते, कारण शस्त्रक्रियेनंतरही काही मुलांमध्ये दाब पुन्हा वाढू शकतो. एकटा सॅजिटल सांधा जुळलेल्या बहुतेक मुलांची बुद्धी इतरांसारखीच असते. भाषा आणि शिकण्यातल्या बारीक अडचणी मात्र सर्वसाधारण मुलांपेक्षा थोड्या अधिक आढळतात, म्हणून बोलण्याच्या प्रगतीकडे लक्ष ठेवायला आणि शाळेत जाण्यापूर्वी एकदा विकासतज्ज्ञांकडून तपासून घ्यायला सांगितले आहे. तो भरपूर बोलतो.

माझ्या नणंदेला आता सातवा महिना आहे, आणि मागच्या आठवड्यात तिने मला तोच प्रश्न विचारला: आपल्या घरात झाले, तर माझ्या बाळाला किती शक्यता? मी तिला जनुकतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेले. सॅजिटल प्रकार असलेल्या मुलांपैकी शंभरातल्या दोन ते सहा जणांच्याच घरात दुसरे कुणी तसे आढळते, आणि भाच्याला असा एकटा सांधा जुळलेला असेल तर नणंदेच्या बाळाच्या धोक्यात फारसा फरक पडत नाही, असे त्यांनी सांगितले. सोनोग्राफीत हा प्रकार बहुतेक वेळा दिसत नाही, त्यामुळे त्यासाठी वेगळी तपासणी करू नये. बाळ जन्मल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत डोके वरून पाहायचे, सांध्यांवरून बोट फिरवायचे, पुन्हा दीड महिन्याच्या लसीला तेच करायचे, आणि कड लागली तर चौथा महिना उजाडण्यापूर्वी न्यूरोसर्जनना दाखवायचे. नणंदेने हे सगळे तिच्या फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.